काँक्रीटच्या अंगणाची दृष्ट

मंडळी, पूर्वरंगात आपण एक प्रश्न धरला होता. माणसानं संशय घ्यावा, तर आधी कोणाचा? सोपा वाटला ना? थांबा! प्रश्न ऐकल्या ऐकल्या प्रत्येकानं शेजारच्याकडे बघितलं — मला इथून दिसतं!

तर आता आख्यान. आणि आख्यानाला हात घालण्याआधी जमेची बाजू मांडू. उल्हासराव गोठोस्करांना यातून मिळणार काय होतं? कॅलगरी गाव, तुमचंच. उत्तरेकडची वस्ती. नावं मी बदलली आहेत, तेव्हा एकमेकांकडे बघू नका! घराच्या मागे ओबडधोबड गवताचा तुकडा. तिथं पॅटिओ करायचा — म्हणजे आपलं परसदारचं फरसबंद अंगण. झाला, की उन्हाळ्यात सत्यनारायणाची पंगत बाहेर बसणार. मंडळातल्या बायका सुनेत्रावहिनींना म्हणणार, "अगंबाई, हा दगड कुठून आणवलात?" इथवर जमा ठीक. पण मनाच्या तळाशी एक खास जमा होती, ती उल्हासरावांनी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. तीन घरं सोडून राहणाऱ्या अच्युत खांबेट्यांचं अंगण आपल्यापुढे फिकं पडणार!

आता हे खांबेटे कोण? वैरी? छे हो! मित्र. या गावात पाऊल ठेवल्यापासूनचा मित्र. दोघांच्या घरांच्या किल्ल्या एकमेकांच्या जुडग्यात. गोठोस्कर हिवाळ्यात भारतात गेले, की खांबेटे रोज किल्लीनं दार उघडून आत जाणार, खिडकीतल्या तुळशीला पाणी घालणार. बाहेर उणे तीस — आत तुळस हिरवीगार! ही किल्ली लक्षात ठेवा, मंडळी. पुढे लागणार आहे.

उल्हासरावांनी मित्राला विचारलं, "काय घालू रे खाली?"

अच्युतराव म्हणाले, "माझ्यासारख्या सुट्या विटा घाल. इथली जमीन गोठली की फुगते. वीट वर आली तर उचलायची, खाली सारखं करायचं, परत बसवायची. ते छापाचं काँक्रीट दिसतं झकास, पण सगळं एकसंध. तडा गेला की गेला. आणि वरचा लेप दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. घालायचंच असेल तर घाल बाबा, पण सांभाळावं लागेल."

काय वाईट बोलले? सांगा! पण उल्हासरावांच्या कानात शिरेपर्यंत त्या वाक्याचं झालं काय? "मला छापाचं करू देत नाही. त्याच्याकडे विटा आहेत ना!" झालं! त्याच दिवशी छापाचं काँक्रीट ठरलं. आवडलं म्हणून ठरलं का? अच्युत नको म्हणाला म्हणून ठरलं!

कंत्राटदार आला — लखबीर. डोळ्याला निळा गॉगल, हातात कडं, तोंडाची मशीन कधी बंद नाही. सहा तऱ्हांचे छाप दाखवले. पाटीच्या दगडाचा, विटांचा, लाकडी फळ्यांचा — काँक्रीट ओलं असताना वरून रबरी ठसे दाबायचे, की हुबेहूब दगड! उल्हासरावांनी पाटीचा दगड निवडला आणि लगेच संशयाचं दुकान उघडलं. खाली खडी किती घालता? दाबता नीट? उतार घराकडे नाही ना? हे प्रश्न बरोबर होते हो! संशय सुरुवातीला शहाण्यासारखाच दिसतो, तीच तर पंचाईत.

मग लखबीर म्हणाला, "अंकलजी, ठंडे इलाके का काँक्रीट है. इसमें हवा मिली हुई है."

"हवा?" उल्हासराव उडालेच. "मला हवा विकतोस?"

"अरे अंकलजी, बारीक बारीक बुलबुले. पानी जमेगा तो फूलेगा. उसको फूलने की जगह चाहिए, नहीं तो ऊपर की परत उड़ जाएगी."

पाण्याला फुगायला जागा हवी! मंडळी, माणसालाही हवी. पण ते जाऊ द्या, आपण गोष्ट सांगतोय.

काँक्रीट ओतलं, छाप दाबले. दुसऱ्या दिवशी लखबीर करवत घेऊन आला आणि नव्याकोऱ्या फरशीत सरळ रेषा कापू लागला. उल्हासराव ओरडत बाहेर, "अरे, तोडतोस काय!" तो म्हणाला, "दरार तो आएगी ही, अंकलजी. तो जहाँ हम कहें, वहीं आए." उल्हासरावांना पटलं? पटलं असतं तर आख्यान कशाला झालं असतं! त्यांनी प्रत्येक रेषेचा फोटो काढून ठेवला.

जाताना लखबीरनं गॉगल काढला. पहिल्यांदाच! म्हणाला, "एक बात पक्की. पहली सर्दी में नमक बिलकुल नहीं. बर्फ जमी तो रेत डालना. नमक डाला तो गया काम से."

ते मात्र उल्हासरावांनी पाळलं हं! मागच्या दाराशी वाळूची बादली ठेवली. बर्फ वितळवायला टाकतात त्या मिठाची पिशवी घरातून हद्दपार. पाहुण्याच्या बुटाला पुढच्या रस्त्याचं मीठ लागलं असेल, तर बूट पुसून घेत. इतके दक्ष!

भाद्रपदात गणपतीला मंडळ जमलं. अंगण काय दिसत होतं म्हणता! बायका वाकून हात लावून बघतायत. आणि अच्युतराव आले, अनवाणी फिरले, मनापासून म्हणाले, "वा उल्हास! खरा दगड झक मारेल. एक चीर नाही अजून!"

अजून!

काय शब्द आहे हो! साधा, निरुपद्रवी. तुम्ही-आम्ही दिवसातून दहादा बोलतो. पण उल्हासरावांच्या छातीत तो खिळ्यासारखा बसला. पाहुणे गेल्यावर सुनेत्रावहिनी ताटं आवरत होत्या. हे म्हणाले, "ऐकलंस? 'अजून' म्हणाला!"

"मग?"

"म्हणजे पडावी अशी वाट बघतोय. नजर लावून गेला."

"अहो, त्यांनी कौतुक केलं!"

"कौतुकानंच लागते!"

तेव्हापासून दर शनिवारी अंगणाची दृष्ट. मुलाची काढतात, नवरीची काढतात, गाईची काढतात. काँक्रीटची कुणी काढलेली ऐकलीत? मूठभर मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या. "आल्यागेल्याची, बघणाऱ्याची, गोड बोलणाऱ्याची नजर उतरो!" — आणि "गोड बोलणाऱ्याची" म्हणताना मान बरोबर खांबेट्यांच्या घराकडे!

आता ओवाळलेलं टाकायचं कुठं? आपल्याकडे चुलीत टाकतात. इथं चूल कुठली? पहिल्या शनिवारी वहिनींच्या तापल्या तव्यावर टाकलं. मिरच्यांचा धूर छताला, छताचा भोंगा सुरू, अख्खी आळी दारात! मग उल्हासरावांनी शोध लावला. मिरच्या-मोहऱ्या कचऱ्यात, आणि मीठ अंगणाच्याच चार कोपऱ्यांत अन् उंबऱ्यापाशी. नजर आली तर तिथंच अडावी!

हसलात? का हसलात? तुम्हाला कळलं. त्यांना नाही कळलं!

हिवाळा आला. कॅलगरीचा हिवाळा तुम्हाला मी काय सांगू! मध्येच डोंगराकडून चिनूक वारा सुटतो, दुपारी सगळं वितळून पाणी पाणी, संध्याकाळी पुन्हा दगड. वितळ, गोठ. वितळ, गोठ. संक्रांतीच्या आधी असाच वारा सुटला, बर्फ उतरला, आणि उल्हासरावांनी मागचं दार उघडलं. उंबऱ्याजवळ पापुद्रे! वरचा दगडी रंग उडालेला, खालची खडी दात विचकतेय. चारी कोपरे तसेच. मधली फरशी मात्र आरशासारखी.

लखबीरला बोलावलं. शिव्या किती दिल्या, ते कीर्तनात सांगता येत नाही! तो वाकला, पापुद्रा उचलून बघितला. "अंकलजी, नमक है. किसीने नमक डाला है."

"आमच्या घरात मिठाची पिशवी नाही!"

"तो फिर किसी और ने डाला होगा," म्हणाला आणि गेला.

किसी और ने! संशयी माणसाला याहून मोठा प्रसाद काय हवा? खांबेट्यांच्या गॅरेजात मिठाची पिशवी आहे की नाही? आहे! अहो, या गावात कोणाच्या नाही? पण एकदा ठरलं, की पुरावा आपल्या पायांनी चालत येतो.

मंडळाचं तिळगुळाचं संमेलन. दारात बुटांचा ढीग, आत गर्दी. अच्युतराव वाटी घेऊन पुढे आले. उल्हासरावांनी हात मागे घेतला. आणि सगळ्यांदेखत —

"माझ्या अंगणात मीठ टाकलंस ते टाकलंस, आता तिळगूळ देतोस?"

अच्युतरावांनी वाटी खाली ठेवली. "मी? मीठ?"

"किल्ली तुझ्याकडे आहे. येणं-जाणं तुझं आहे. 'अजून' कोण म्हणालं होतं?"

अच्युतराव भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं! त्यांनी खिशातून जुडगा काढला. कडी घट्ट, किल्ली लवकर सुटेना. सगळं मंडळ बघतंय. शेवटी सुटली. तिळगुळाच्या वाटीशेजारी ठेवली. "तुळशीला पाणी घालायला दुसरं कुणी बघ," म्हणाले, आणि बूट हातात घेऊनच बाहेर पडले.

आता, टाळकरी, जरा हळू धरा —

दार लाविले शेजाऱ्याला, कुलूप घातले वर ।
आत कोंडिला चोरच बाई, बाहेर राहिले घर ॥

पुढच्या शनिवारी उल्हासरावांनी दुप्पट मीठ टाकलं. रविवारी उजाडताना पडद्याआड उभे राहिले. येईलच चोर! आणि आला हो! एक नाही, तीन. पावलं न वाजवता कुंपणाच्या फटीतून आत आले. चार पायांचे!

हरणं!

एक या कोपऱ्यात, एक त्या कोपऱ्यात, तिसरं उंबऱ्यापाशी. माना खाली घालून चाटतायत. मन लावून चाटतायत! उल्हासराव दार उघडून धावले, हरणं उधळली. हे गुडघ्यावर बसले. बोट ओलं केलं, कोपऱ्याला लावलं, जिभेवर ठेवलं.

मागून सुनेत्रावहिनी चहाचा कप घेऊन. "काय चाटताय?"

"मीठ आहे गं."

"असणारच. काल तुम्हीच टाकलंत."

"ते... ते दृष्टीचं होतं!"

"फरशीला काय कळतंय?"

बघा, मंडळी! बर्फाचं मीठ नको, म्हणून माणूस पाहुण्यांचे बूट पुसत होता. आणि आपल्या मुठीतलं मीठ त्याला मीठ वाटलंच नाही. ते संरक्षण होतं ना! "तुला कळलं होतं, तर बोलली का नाहीस?" म्हणून बायकोवर उखडले. ती म्हणाली, "मलाही आत्ताच कळलं. आणि आधी कळलं असतं, तरी बोलायची सोय होती का? मीही त्यांना सामील, असंच म्हणाला असतात."

उल्हासराव त्याच पावली तीन घरं चालत गेले. पायात घरातल्या सपाता, अंगावर शाल. अच्युतरावांनी दार उघडलं. यांनी सगळं सांगितलं — मीठ, मिरच्या, हरणं, काही लपवलं नाही. हरणांपाशी अच्युतराव हसलेसुद्धा! आत बोलावलं. चहा दिला. आल्याचा, यांना आवडतो तसा. उठताना उल्हासरावांनी खिशातून आपल्या घराची तीच किल्ली काढून टेबलावर सरकवली.

अच्युतरावांनी ती बघितली. कपबश्या उचलल्या. "असू दे तुझ्याकडेच," म्हणाले.

आता त्या गॉगलवाल्याला त्यानंतर आपल्या मंडळात कोणी काम दिलं नाही — हरणांची गोष्ट मागाहून आली, शिव्या आधी पोचल्या होत्या. पुढच्या हिवाळ्यात गोठोस्कर भारतात गेले, तुळस खिडकीत वाळली.

तुम्ही आता उठाल, बूट घालाल, घरी जाल. दाराशी जरा थांबा आणि मूठ उघडून बघा. कोणाच्या एका "अजून"साठी किती दिवस काय टाकताय? चार कोपरे तपासा. आणि मग आजचा ताळा करा, माझ्यासमोरच करा. जमेला काय आलं? हरणांना चाटायला फुकट मीठ. आणि भरलं कोणी? फरशीचे पैसे उल्हासरावांनी भरले. मिठाची किंमत भरली अच्युत खांबेट्यांनी — ज्यांनी त्यात एक खडा टाकला नव्हता.