ट्रेमधलं अपेंडिक्स

ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा नातेवाइकांना ट्रेमध्ये दाखवायचा, ही आमच्याकडची पद्धत. न दाखवून जमतच नाही. त्या पद्धतीपायी एकदा मीच चोर ठरलो.

दुष्काळाचं साल होतं. तेलगावकडचा बबन चारा छावणीत उसाच्या मोळ्या उचलायचा. त्याच्या उजव्या जांघेतला जुना हर्निया एकाएकी दुखायला लागला, आत जाईना. मला वाटलं, आतडं अडकलंय. पण उलटी नाही, शौचाला साफ. खरं तर तिथंच शंका यायला हवी होती. उघडून बघतो तर हर्नियात सुजलेलं अपेंडिक्स! ते काढलं. पू होता, म्हणून हर्नियाला एरवी बसवतात ती जाळी न बसवता नुसते टाके घातले आणि ट्रे घेऊन बाहेर आलो.

बाहेर त्याचा थोरला भाऊ, उत्तमराव. दूध सोसायटीचा सचिव. रोज दुधाचे नमुने तपासणारा माणूस.

"हे काय हाय?"

"अपेंडिक्स."

"आपरेशन तर हर्नियाचं व्हतं!"

"हो, पण हे हर्नियातच उतरलं होतं."

"डाक्टरसाहेब, अपेंडिक्स पोटात असतंय. तुमचं सँपल बदललंय. आमच्या सोसायटीत बी व्हतंय असं."

मी चित्र काढून समजावलं. त्यांनी मान डोलावली, पण पटलं नाही. बबन मात्र पाचव्या दिवशी चालत घरी गेला.

वर्षभरानं उत्तमराव स्वतःचा हर्निया घेऊन आले. टेबलावर झोपले. भूल द्यायच्या वेळी त्यांनी मूठ उघडली. आत सोसायटीची शिक्का मारलेली चिठ्ठी, वर त्यांचंच नाव.

"निघंल ते ज्या बाटलीत घालनार, तिला आधी ही चिकटवा," म्हणाले, "मंग द्या भूल."