चामोर्शीच्या बायांचा बिननमुन्याचा टेबलक्लॉथ

माननीय अध्यक्ष व आपले सरपंच गुणवंतरावजी, गडचिरोलीहून एसटीत उभ्यानं आलेले पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायचा त्या आमच्या शिवणवर्गाच्या शिक्षिका सत्यशीलाबाई, आणि चूल लवकर आटोपून हे सभागृह भरून टाकणाऱ्या माझ्या बायांनो! मागे भिंतीला टेकलेल्या भावांनो, तुम्हीसुद्धा.

मी नीला, महिला मंडळाची सचिव. मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. अध्यक्षमहोदय, दोन शब्दांत मावेल एवढंच काम बाईंनी केलं असतं, तर मी बसूनच राहिले असते.

बाई आल्या तेव्हा क्रोशाची सुई आमच्यापैकी किती जणींनी पाहिली होती? हात वर करू नका, फजिती होईल. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. पहिल्याच पावसाळ्यात वरून निरोप आला, की जिल्ह्याच्या प्रदर्शनात काही मांडलं नाही तर वर्ग बंद. बाईंनी प्रत्येकीला एकाच नमुन्याचा चौकोन विणायला दिला. सगळे जोडून टेबलक्लॉथ करायचा होता. तेवढ्यात भातलावणीचा रोवणा लागला.

पाहुण्यांना सांगते, भाताच्या रोवण्यात आमची एक रीत आहे. ओळीत एखादी मागे पडली, तर शेजारीण न विचारता तिच्या वाट्याचं लावून देते. बाया चौकोन घेऊन शेतात गेल्या, दुपारी बांधावर विणायला बसल्या, आणि तिथेही तेच केलं! जिचं मागे, तिचं दुसरीनं पुढे नेलं. बायनाबाईंच्या चौकोनाला कमलानं गोल केलं, रुखमानं त्याला शेपूट काढलं. जिच्या पिशवीत जो दोरा, तो रंग.

वर्गात पिशव्या उलट्या केल्या, तर एकही तुकडा चौकोनी उरला नव्हता. बायनाबाई रडकुंडीला आल्या. "बाई, आमच्यापायी वर्ग बंद होते का? थांबा, मी सारं उसवतो."

सत्यशीलाबाईंनी त्यांचा हात धरला. "एक टाका बी उसवायचा नाई! कोणी कोणासाठी हात लावला, ते मले दिसून राह्यलं ना."

त्यांनी सतरंजी अंथरली, नमुन्याचा कागद बाजूला सारला. तुकडे फिरवून फिरवून मांडले. काठाला काठ लागला तिथे जोडले, फट राहिली तिथे साखळ्या घालून भरली. जोडायच्या आधी मी विचारलं होतं, "पण सुरुवात कुठून करायची?" म्हणाल्या, "जिथी हात पोचते तिथून, नीलाताई."

प्रदर्शनात एका साहेबांनी विचारलं, "हा कोणता नमुना?" बायनाबाई ताठ मानेनं म्हणाल्या, "आमच्या धानाच्या बांध्या हायेत, साहेब, बांधानं पाडलेले वावराचे तुकडे. एक बी चौकोनी नाई, पर साऱ्या एकमेकीले लागून." वर्ग चालू राहिला! वाजवा की टाळ्या, काऊन थांबले?

अभिमान वाटतो मला, या बायांचा आणि या बाईंचा. उद्यापासून वर्ग आम्हीच चालवणार. बाई बदली होऊन सिरोंच्याला चालल्या. परवा हळूच म्हणाल्या, "तिथी घरोघरी तेलुगू. माझं कोणाले समजन का?"

बाई, तुमच्यासाठी आम्ही शाल विणली आहे. तिच्यातला एकही तुकडा एकटीचा नाही. एका बाजूला काठ घातलेला नाही, शेवटच्या साखळीला सेफ्टी पिन लावून दोरा मोकळा ठेवला आहे. तिथे जी बाई पहिली येईल, तिच्या हातात तो दोरा द्या. बोलायची गरज पडणार नाही.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, चहाच्या भगुन्यापाशी उभ्या गिरजाबाईंचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. या बाई, पुढे या. शाल जड झाली आहे, धरायला आम्ही साऱ्याच येतो.