खोट दाखवायची जागा

(मोहाडीतलं विणकराचं घर. नंदलाल मागावर बसलेला. मुलगी दामिनी मुलाखतीचे कागद घेऊन समोर.)

नंदलाल : मंग, पुढचा सवाल. बँकेले एखाद्या पैशाचा संशय आला, तं ते कोनाले सांगते?

दामिनी : दिल्लीच्या त्या ऑफिसाले, जिथं माझी मुलाखत आहे. ते ऑफिस साऱ्या बँकांच्या खबरा जुळवून पाहते, अन् गडबड दिसली तर ईडीले नाहीतर पोलिसाईले कळवते. काही देशाईत हे काम पोलिसच करतात, कुठं मोठी सरकारी बँक करते. आपल्याकडे ऑफिस वेगळं ठेवलं.

नंदलाल : वेगळं काहून? चोर दिसला तं तिथंच धरावं ना.

दामिनी : मागच्या साली मुलाखतीत हेच विचारलं, बाबा. पाठ केलेलं सारं उडालं. यंदा वय संपून राहिलं. हा शेवटचा चान्स आहे.

नंदलाल : ठेव ते कागद. आपल्या विणकर सोसायटीतला हिरालाल आठवते?

दामिनी : कापड तपासायचे ते?

नंदलाल : तोच. टेबलावर कोसा रेशमाचं थान पसरून खोट पाहे, अन् मजुरीतून दंडबी तोच कापे. मंग आमी काय करावं? तुटला धागा आत जाईन अशी घडी घालून देत होतो. गिऱ्हाइकाकडून साड्या वापस येत. शेवटी शकुनबाई अध्यक्ष झाली. तिनं दंडाचं काम पंचाईकडे देल्लं. हिरालालनं फक्त पाहाचं अन् कळवाचं.

दामिनी : मग?

नंदलाल : मंग लोकं आपल्याच मनानं सांगू लागले, हिरालाल, इथं धागा गेला गा. ज्याले सांगाचं त्याचंच भेव वाटलं, तं कोन सांगन?

दामिनी : हेच तर उत्तर आहे, बाबा. बँकेनं न भेता सांगावं म्हणून ऐकणारा वेगळा, धरणारा वेगळा.

नंदलाल : आता न पाहता परत सांग.

दामिनी : आता नाही विसरत. मुलाखतीले तुम्ही विणलेलीच कोसा साडी नेसून जाईन.

नंदलाल : त्या साडीच्या पदराजवळ एक धागा तुटला हाय, बेटा. म्या घडीत लपवला होता.

दामिनी : इतके दिवस नाही बोलले. आता काहून सांगून राहिले?

नंदलाल : ऐकनारी तू हाय म्हनून.