पंपावर न टिकलेलं कुंकू

अरे, दसऱ्याची गंमत सांगायची राहिलीच! अंबरनाथला आमच्या कंपनीत ॲसिडच्या पंपाला आम्ही नवीन कोटिंग मारलं होतं. पूजेला फोरमन पवारकाकांनी त्याला ओलं कुंकू लावलं, ते घरंगळून खाली. परत लावलं, परत खाली. काका हादरलेच. "मॅडम, अपशकुन! हा पंप पाठवायचा नाय."

नेमके तेव्हाच पंप घेणारे उल्हासनगरचे शेठ दारात! म्हटलं, गेली ऑर्डर.

शेठनी स्वतः बोट बुडवून टिळा लावला. तोही ओघळला. तसे शेठ हसत सुटले. "अरे काका, इसपे कुंकू नहीं टिकता, तो ॲसिड क्या टिकेगा? मेरे सब पंप को यही मारो!"

आता नवीन कोटिंग तयार झालं की काकाच विचारतात, "मॅडम, कुंकू आणू?"