ओळखीचं नाव टाकलं तर नमस्कार

...आणि वर म्हणे सोपी भाषा! कसली सोपी? समोर दिसतंय की हो! पडद्यावर ढळढळीत नाव लिहिलंय, आणि सी भाषेतला प्रोग्राम म्हणतो, 'ओळखत नाही.' तुम्हाला सांगतो, पलूसचा विश्वजित, विश्रामबागेत कॉलेजला असतो, त्याची त्या दिवशी जी शोभा झाली... वैऱ्याचीही होऊ नये!

काम काय, तर संगणकाच्या काळ्या खिडकीत नाव टाइप करायचं, प्रोग्रामनं ते त्याच खिडकीतून परत वाचायचं, आणि माणूस ओळखीचा असला तर नमस्कार करायचा. एवढंच! परीक्षा घ्यायला बाहेरचे सर, भिंतीवर हा एवढा मोठा पडदा, पोरंपोरी दाटलेली, आणि दारात कोण? विश्वजितचे वडील, अर्जुनाआप्पा! धोतर गुडघ्यापर्यंत, वहाणांना मळ्यातली काळी माती, काखेत हरभऱ्याचा डहाळा... पोरानंच फोनवर सांगितलेलं ना, "आप्पा, याच तुम्ही, तुमचं नाव टाकलं की मशीन ओळखतंय बघा!" एसटीनं उभ्यानं आले हो!

वर्गातली समीक्षा म्हणाली, "कोण रे हे?" आणि हा गाढव... कसं सांगू तुम्हाला... म्हणतो, "गावाकडचे आहेत. ओळखीचे."

आप्पा तोवर हाताच्या अंतरावर आलेले! ऐकलं त्यांनी. डहाळा नुसता या काखेतून त्या काखेत घेतला. अहो, बापाचं नाक पोराच्या तोंडावर बसलंय, समोर दिसतंय की हो!

सर म्हणाले, "बाबा, तुम्हीच टाका नाव." आप्पांनी एका बोटानं, श्वास रोखून, इंग्रजीत 'अर्जुना' टाकलं. 'ओळखत नाही.' विश्वजितनं घाईघाईनं स्वतःचं टाकलं. 'ओळखत नाही'! पोरं फिदीफिदी! "अरे, समोर दिसतंय की!" सर डाफरले, आणि मग त्यांनाच चूक सापडली. खिडकीतून ओळ वाचली की नावापुढची रिकामी जागाही वाचली जाते, पार ओळीच्या टोकापर्यंत! मग रिकाम्या जागेची शेपटी लागलेला अर्जुना आणि बिनशेपटीचा अर्जुना एक कसे ठरणार? "छाट ती शेपटी, पास करतो. आणि या बाबांचंच नाव घे परत."

आता बघा पंचाईत! त्या नावापुढं काय नमस्कार लिहून ठेवलाय, ते फक्त विश्वजितला ठाऊक. छाटावी तर अब्रू जाते, न छाटावी तर वर्ष जातं! "सर, माझंच टाकतो ना..." "नाही, बाबांचंच!" शेवटी छाटली शेपटी. आप्पांनी पुन्हा एकेक अक्षर दाबलं, आणि भिंतभर उमटलं... 'नमस्कार, आप्पा!'

रोज फोनवर हा वडिलांनाच "आप्पा, आप्पा" करतो, हे काय समीक्षाला माहीत नव्हतं? ती एकदा भिंतीकडं बघते, एकदा ह्याच्याकडं. जमीन दुभंगून पोटात घेईल म्हणावं, तर तिथं फरशी!

तेवढ्यात आप्पाच हसले. "आवं सर, त्येचं काय हाय, आमच्याकडं ल्हानथोर समदी मला आप्पाच म्हंत्यात." आणि डहाळा पोराच्या हातात देत म्हणाले, "व्हय न्हवं, पावणं?"

पावणं! स्वतःच्या पोराला! तुम्हाला सांगतो, तोंड उघडलं होतं त्यानं, खरं बोलायलाच उघडलं होतं... पण सर म्हणाले, "छान, पास!" आणि हा... हा "व्हय" म्हणाला हो.