युसूफच्या अम्मीचं गरम पाणी

हसू नका, मला अजून लाज वाटते. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, नेवाशात, युसूफच्या घरून अभ्यास करून आलो की आई मला अंगणातच गार पाण्यानं आंघोळ करायला लावायची. विटाळ होतो म्हणे! एकदा थंडीत युसूफनं ते रस्त्यावरून पाहिलं. घरी जाऊन अम्मीला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या अम्मीनं माझ्यासाठी घंगाळभर पाणी तापवलेलं. साबण मिळायची मारामार, तरी नवी वडी काढलेली. म्हणाली, "तुला संध्याकाळी आंघोळ लागती व्हय? मग कुडकुडतोस कशाला? हितंच करून जा की, बाळा."

केली. तिला काय सांगणार?

घरी पोचलो, अंगाला साबणाचा घमघमाट. आई बादली घेऊन उभीच होती. म्हणाली, "थांब तिथंच."

तो वाससुद्धा धुऊन काढला.