एक जानेवारीचं डबडं

अम्मानच्या चढावर हिरव्या बदामांच्या गाडीपाशी रांग लागली होती. विदादबाईंच्या पुढे दोन प्रोग्रामर उभे होते.

“निझार, तो जुना संगणक भंगारात दे आणि येतील तेवढ्या पैशांचं सोनं घे.”

“सोनं वर्षभर मिळतं, लुअय. हे बदाम आठवड्याभरात कडक होतील.”

“म्हणजे तू बदामांत पैसे गुंतवणार?”

“आत्ता तरी तेच करतोय. हसू नकोस.”

“बरं. पण त्या डबड्याचं करतोस काय? आतली बॅटरी मेलीये. कधीही सुरू कर, तारीख एक जानेवारी अठ्ठ्याण्णव.”

“म्हणूनच सुरू करतो.”

“मी नवी बॅटरी बसवून देतो. एवढीशी तर असते.”

“नको. मग आजची तारीख लागेल.”

“लागू दे की. बिघडलं काय?”

“त्या वर्षी बाबा गेले, ते याच दिवसांत. गाडीवर हिरवे बदाम आले होते.”

लुअय त्याच्याकडे वळला.

“आणि त्या डबड्यात, लुअय, बदामाला अजून फूलही आलेलं नाही.”

“मावशी, पुढे सरका,” बदामवाला म्हणाला.

विदादबाई जागच्या हलल्या नाहीत.